सहल महाबळेश्वरची : आखणी आणि दक्षता

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या, की शिक्षकांच्या खोलीत सहलीचा विषय निघू लागतो. ग्रामपंचायतींचे सदस्य, कार्यालयांतील कर्मचारी, महिला मंडळे आणि तरुण मंडळे हीदेखील याच सुमारास प्रवासाचे बेत आखतात. महाराष्ट्रात अशा सामूहिक सहलींसाठी वारंवार निवडल्या जाणाऱ्या स्थळांत सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वराचे नाव अग्रभागी आहे. उंच कडे, दाट वनराई, नद्यांची उगमस्थाने आणि शिवकालीन इतिहासाचा शेजार एवढे सारे एकाच परिसरात लाभत असल्याने ही पसंती स्वाभाविकच म्हणावी लागेल.

मात्र या सहलींची आखणी बहुधा उलट्या क्रमाने होते. प्रथम पाहावयाच्या ठिकाणांची लांबलचक यादी तयार होते. मग वाहन ठरते, त्यानंतर वर्गणी ठरते. घाट आणि सूर्यास्त यांचा विचार मात्र परतीच्या वाटेला लागेपर्यंत कोणाच्या मनात येत नाही. सपाटीवरील सहलीत दोन तासांचा उशीर झाला, तर फार तर रात्रीचे जेवण लांबते. डोंगरावरील सहलीत तोच उशीर वाहनाला अंधारात आणि धुक्यात घाटाच्या तोंडाशी आणून सोडतो.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरच्या सहलीस जात असता पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दरीत कोसळली. बसमधील केवळ एकच जण वाचला. तो प्रवास दिवसाउजेडी चालला होता आणि प्रवासी सारे सुशिक्षित, जाणते होते. घाटाला गृहीत धरता येत नाही, हे या दुर्घटनेने साऱ्या महाराष्ट्राला पुन्हा एकदा दाखवून दिले. म्हणूनच डोंगरावरील सहलीची आखणी घाटापासून सुरू व्हावी आणि पाहावयाच्या ठिकाणांची यादी सर्वांत शेवटी करावी, हे पहिले पथ्य होय.

स्थलपरिचय

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर वसले आहे. पश्चिमेला कोकणात उतरणारे तुटलेले कडे आणि पूर्वेला देशावर हळूहळू उतरत जाणाऱ्या डोंगरसोंडा अशी त्याची रचना आहे. मूळ तीर्थक्षेत्र प्राचीन असून आजच्या बाजारपेठेपासून ते सुमारे सहा किलोमीटरवर आहे. हवा खाण्याचे ठिकाण म्हणून गावाची वसाहत १८२८-२९ च्या सुमारास झाली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी सातारचे प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून ही जागा घेतली व पेठेला माल्कमपेठ असे नाव पडले. वेण्णा तलाव १८४२ मध्ये सातारच्या आप्पासाहेब महाराजांच्या कारकिर्दीत बांधण्यात आला. आज नौकाविहारासाठी प्रसिद्ध असलेला हा तलाव मुळात पाण्याच्या सोयीसाठी बांधलेला आहे, ही गोष्ट सहलीला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

हंगाम कोणता निवडावा?

महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जुलै २०२१ मध्ये तर २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद येथे झाली. त्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटात दरडी कोसळून रस्ता खचला आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. पावसाळ्यात धुके इतके दाट असते, की कड्यावर उभे राहूनही समोरची दरी दिसत नाही. शालेय सहलींसाठी हा काळ सर्वस्वी वर्ज्य मानावा.

एप्रिल व मे महिन्यांत हवा सुखद असली, तरी गर्दीमुळे निवास महाग होतो आणि रस्त्यांवर वाहनांच्या रांगा लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा होय. आकाश निरभ्र असते, दऱ्या स्पष्ट दिसतात आणि स्ट्रॉबेरीचे मळेही बहरात येऊ लागतात. थंडी मात्र कडक असते. काही वर्षी वेण्णा तलावाच्या परिसरात पहाटे दवबिंदू गोठतात. म्हणून प्रत्येकाजवळ स्वेटर व कानटोपी असेल, याची खातरजमा निघण्यापूर्वी करून घ्यावी. ज्याच्याकडे गरम कपडे नसतील, त्याच्यासाठी गावातूनच उसनवारीने सोय करता येते. शनिवार, रविवार आणि नाताळचा आठवडा टाळल्यास गर्दी व खर्च दोन्ही कमी होतात.

रस्ते आणि वेळेचा हिशेब

महाबळेश्वरास पोहोचण्याचे प्रमुख मार्ग तीन आहेत. पुण्याकडून येणारा मार्ग वाईवरून पसरणी घाट चढतो आणि पाचगणीमार्गे महाबळेश्वरास जातो. सातारकडून येणारा मार्ग मेढ्यावरून केळघर घाटाने वर येतो. कोकणातून येणारा मार्ग पोलादपूरहून आंबेनळी घाटाने चढतो. पैकी आंबेनळी घाट सर्वांत अवघड वळणांचा असून मोठ्या बसने जाताना तेथे विशेष सावधगिरी हवी. घाटात ताशी २५ ते ३० किलोमीटरपेक्षा अधिक गतीचा हिशेब धरू नये.

आखणी करताना सूर्यास्तापासून मागे मोजत जावे. डिसेंबरमध्ये सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. पुण्याहून एका दिवसाची सहल निघाली आहे असे धरू. अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. पहाटे साडेपाचला निघालेली बस आठच्या सुमारास वाईला पोहोचेल. तेथे न्याहारी उरकून पसरणी घाट चढल्यास दहापर्यंत महाबळेश्वर गाठता येईल. परतताना उजेड आहे तोच पसरणी घाट उतरून वाईला पोहोचावयाचे, तर चार वाजता महाबळेश्वर सोडलेच पाहिजे. म्हणजे माथ्यावर हाती राहतात सहा तास. त्यांतून जेवणाचा एक तास आणि चढउतार व मोजणी यांचा अर्धा तास वजा केला, की साडेचार तास उरतात.

आता प्रतापगडाचा विचार करू. गड महाबळेश्वरापासून सुमारे २४ किलोमीटरवर असून त्याचा रस्ता आंबेनळी घाटाच्या वरच्या टप्प्यातूनच जातो. जाण्यास एक तास, येण्यास एक तास आणि गड चढून, पाहून उतरण्यास किमान दोन तास धरल्यास चार तास तेथेच खर्ची पडतात. याचा अर्थ असा, की एका दिवसात प्रतापगड किंवा महाबळेश्वरचा परिसर यांपैकी एकच नीट पाहता येतो. दोन्ही पाहण्याचा आग्रह धरला, की प्रत्येक ठिकाणी घाई होते आणि शेवटी घाटात अंधार पडतो. ज्यांना दोन्ही पाहावयाचे आहेत, त्यांनी मुक्कामाची सहल काढावी. पहिल्या दिवशी पाचगणी, भिलार व क्षेत्र महाबळेश्वर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतापगड पाहून दुपारी परतीचा प्रवास, असा क्रम सोयीचा ठरतो.

वाहन आणि चालक

राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्या प्रासंगिक करारावर मिळतात व शालेय सहलींसाठी भाड्यात ५० टक्के सवलत दिली जाते. त्यासाठी जवळच्या आगाराकडे वेळेवर लेखी मागणी नोंदवावी. खाजगी वाहन घ्यावयाचे झाल्यास योग्यता प्रमाणपत्र, विमा, परवाना व चालकाची अनुज्ञप्ती ही कागदपत्रे समक्ष पाहून त्यांच्या प्रती ठेवाव्यात. बसमध्ये जितकी आसने, तितकीच माणसे असावीत. ‘लहान मुले आहेत, सामावून घेऊ’ ही सवय घाटात धोक्याची ठरते.

चालकाच्या विश्रांतीकडे बहुतेक संयोजकांचे दुर्लक्ष होते. पहाटे निघालेला चालक रात्रीपर्यंत एकटाच गाडी हाकत असेल, तर परतीच्या घाटात त्याच्या डोळ्यांवर झापड येण्याचा संभव असतो. मुक्कामी चालकाला निवांत झोपण्याची जागा देणे आणि दिवसात त्याला पुरेसा विसावा मिळेल असे वेळापत्रक आखणे, हे संयोजकांचे कर्तव्य आहे.

घाट उतरताना सतत पायातील ब्रेक दाबून ठेवल्यास ब्रेक तापतात व त्यांची पकड कमी होते. म्हणून ज्या गिअरमध्ये गाडी चढली, साधारणपणे त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, असा जुन्याजाणत्या चालकांचा दंडक आहे. त्यामुळे इंजिनच गाडीला आवर घालते. इंधन वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे अत्यंत घातक होय. निघण्यापूर्वी प्रमुखांनी चालकाशी याविषयी आदराने, पण स्पष्ट बोलून घ्यावे. घाटात गाणी, टाळ्या व चालकाशी गप्पा बंद ठेवाव्यात. ज्यांना गाडी लागते, त्यांना पुढील आसने द्यावीत आणि घाटापूर्वीची न्याहारी हलकी ठेवावी.

वर्गणी : मागे राहणाऱ्यांचा प्रश्न

सहलीच्या खर्चाचे दोन भाग असतात. वाहनाचे भाडे माणसे कमी झाली म्हणून कमी होत नाही. जेवण, न्याहारी व निवास यांचा खर्च मात्र माणशी ठरतो. समजा, बसचे भाडे १८,००० रुपये आहे व ४५ विद्यार्थी जाणार आहेत. प्रत्येकाच्या वाट्यास भाड्याचे ४०० रुपये येतील. त्यांतील ९ विद्यार्थी वर्गणी न परवडल्याने गळाले, तर उरलेल्या ३६ जणांवर ५०० रुपयांचा भार पडेल. मग ज्यांना ४०० रुपये कसेबसे जमणार होते, तेही मागे हटतात. अशा रीतीने गरीब विद्यार्थ्याचे मागे राहणे ही केवळ त्याची अडचण राहत नाही, तर साऱ्या सहलीचा हिशेब त्यामुळे कोलमडतो.

पैशाअभावी घरी राहिलेले मूल दुसऱ्या दिवशी ‘मला बरे नव्हते’ असे सांगते आणि पुढे वर्गात आठवडाभर सहलीच्या गोष्टी निमूटपणे ऐकत बसते. ज्या शिक्षकांनी ही मुले पाहिली आहेत, त्यांना या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. त्यावर उपाय आहेत. सहल डिसेंबरमध्ये असेल, तर वर्गणी जुलैपासून लहान हप्त्यांनी जमा करावी. ज्यांना तेही शक्य नाही, त्यांचा भार ग्रामस्थ, माजी विद्यार्थी वा पंचायतीचे सदस्य यांनी उचलावा आणि तो कोणी, कोणासाठी उचलला, हे मुख्याध्यापकांखेरीज कोणास कळू नये. वर्गणी थकलेल्यांची नावे वर्गात मोठ्याने वाचण्याची प्रथा मात्र तत्काळ बंद व्हावी. सहल संपल्यावर जमाखर्च सूचनाफलकावर लावल्यास पुढील वर्षी पालकांचा विश्वास वाढतो.

काय पाहावे?

महाबळेश्वरात कड्यांवरील अनेक प्रेक्षणीय स्थळे आहेत. ती सर्व धावतपळत पाहिल्याने मुलांच्या स्मरणात काही राहत नाही. त्याऐवजी एक सूत्र धरून मोजकी ठिकाणे पाहिल्यास सहलीला अर्थ येतो. महाबळेश्वराच्या बाबतीत ते सूत्र म्हणजे पाणी.

क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. सावित्री पश्चिमेला वळते आणि पोलादपूर व महाडवरून थोडक्याच अंतरात अरबी समुद्रास मिळते. कृष्णा मात्र पूर्वेची वाट धरते आणि सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. वेण्णा तिला साताऱ्याजवळ माहुली येथे, तर कोयना कऱ्हाड येथे पुन्हा येऊन भेटते. एकाच माथ्यावरील पाणी दोन समुद्रांना कसे जाते, हे नकाशावर शंभरदा सांगून जे उमगत नाही, ते येथे उभे राहून एकदा पाहिल्याने उमगते. कृष्णाकाठच्या गावांतील मुलांना तर आपल्या गावच्या पाण्याचे माहेरच येथे भेटते.

पावसाचा पाठही येथेच देता येतो. समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर मुसळधार पाऊस पाडतात. पूर्वेकडे सरकताना त्यांतील पाणी झपाट्याने कमी होते. महाबळेश्वरला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडत असता १९ किलोमीटरवरील पाचगणीला त्याच्या जेमतेम एक तृतीयांश पडतो आणि घाट उतरून वाईला यावे, तर वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आत येतो. परतीच्या दीड तासाच्या प्रवासात खिडकीतून झाडी कशी विरळ होत जाते, हे विद्यार्थ्यांना पाहावयास सांगावे. यापेक्षा चांगला भूगोलाचा तास वर्गात घेता येणार नाही.

पाचगणीचे विस्तीर्ण टेबललँड जांभ्या खडकाचे पठार म्हणून पाहण्याजोगे आहे. पाचगणीहून कृष्णेचे खोरे व धोम धरणाचा जलाशय दिसतो. पाचगणी-महाबळेश्वर मार्गालगतचे भिलार हे ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. येथे गावकऱ्यांच्या घरांतूनच वाचनाची दालने थाटलेली असून कोणासही तेथे बसून मराठी पुस्तके विनामूल्य वाचता येतात. शालेय सहलीने येथे एक तास अवश्य द्यावा.

प्रतापगड निवडणाऱ्यांनी निघण्यापूर्वी वर्गात १० नोव्हेंबर १६५९ चा प्रसंग समजावून सांगावा. मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली शिवाजी महाराजांनी बांधवून घेतलेला हा गड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी एक आहे. जावळीच्या खोऱ्याची दाटी गडावरून पाहिली, म्हणजे महाराजांनी ही जागा का निवडली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मोजणी, मुक्काम आणि दक्षता

शालेय सहलीसाठी शिक्षण विभागाची पूर्वपरवानगी व प्रत्येक पालकाची लेखी संमती आवश्यक आहे. संमतिपत्रावरच मुलाचे आजार, चालू औषधे व पालकांचा दूरध्वनी क्रमांक नोंदवून घ्यावा. दर दहा मुलांमागे एक शिक्षक वा जबाबदार व्यक्ती असावी. मुली असतील तेथे शिक्षिका असाव्यातच. प्रत्येक वेळी बस हलण्यापूर्वी हजेरीपटावरून नावे वाचून मोजणी करावी. ‘सगळे आले का?’ असे विचारणे म्हणजे मोजणी नव्हे.

कड्यांवरील लोखंडी कठड्यांपलीकडे कोणी जाऊ नये. छायाचित्राच्या मोहापायी पाय घसरण्याचा धोका सर्वांत अधिक असतो, म्हणून कड्यावर आधी शिक्षकांनी जाऊन उभे राहावे आणि मग गटागटाने मुलांना न्यावे. नौकाविहार करावयाचा असल्यास जीवरक्षक जाकिटाशिवाय कोणासही नावेत बसू देऊ नये. माकडांना खाऊ घालू नये, पिशव्या उघड्या ठेवू नयेत. मुक्कामाची जागा एखाद्या जबाबदार व्यक्तीने आधी स्वतः पाहून यावी. स्वच्छतागृहे, पाणी, दारांच्या कड्या आणि मुलींसाठी स्वतंत्र खोल्या यांची खात्री करून मगच आगाऊ रक्कम भरावी. सोबत प्रथमोपचाराची पेटी असावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ व आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक सर्व गटप्रमुखांना पाठ असावेत. डोंगरात सर्वत्र दूरध्वनी लागतोच असे नाही. म्हणून वेळापत्रकाची एक प्रत शाळेत व एक गावात ठेवून जावी.

डोंगरावरील पाहुणे

महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र शासनाने १७ जानेवारी २००१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून घोषित केला आहे. ज्या माथ्यावरून पाच नद्या निघतात, त्या माथ्यावरच उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते, ही विसंगती पाहुण्यांनी समजून घेतली पाहिजे. पावसाचे पाणी उतारावरून वेगाने खाली निघून जाते आणि साठवण मर्यादित राहते. म्हणून प्रत्येकाने आपली पाण्याची बाटली व ताटवाटी सोबत न्यावी, एकदा वापरून फेकावयाची प्लॅस्टिकची भांडी नेऊ नयेत आणि झालेला कचरा परत आणावा. शिदोरी घरची असल्यास खर्च वाचतो व कचराही कमी होतो. स्ट्रॉबेरी घ्यावयाची, तर शक्यतो थेट शेतकऱ्याकडून घ्यावी. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या पिकावर येथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो.

सहल यशस्वी झाली की नाही, हे किती ठिकाणे पाहिली यावरून ठरत नाही. जितकी नावे पटावर होती तितकी सारी मुले घाट उतरून सुखरूप घरी आली, पैशाअभावी कोणी मागे राहिले नाही आणि आपल्या विहिरीत वा नळात येणारे पाणी कोठून निघते, हे त्यांना कळले, तर ती सहल यशस्वी झाली असे समजावे. पाहावयाची राहिलेली स्थळे डोंगरावर आहेत तेथेच राहणार आहेत. ती पाहण्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा जाता येईल.